मोरीवरची दुसरी डहाळी

देवाजी, ही गोष्ट मी आठ वर्षं कोणालाही सांगितली नाही. विसरलो म्हणून नाही. रोज सकाळी डोळे उघडले की पहिली तीच आठवायची आणि मी घाईघाईने दुसऱ्या कामाला लागायचो. सांगायची भीती वाटत होती. आजही वाटते. घरात मी एकटाच आहे, तरी हे लिहायला बसताना दाराची कडी आतून लावून घेतली.

तू गेल्याला आज पंधरा दिवस झाले. आपल्या रविवारच्या सायकल मंडळींनी ठरवलंय की तुझ्या नावाने घाटाची एक चढाई करायची आणि त्या दिवशी दोन पानं छापून वाटायची. माझ्याकडे आले. म्हणाले, "मास्तर, तुमच्याशिवाय कोण लिहिणार? तुम्हीच तर देवाजीभाऊंना वाचवलं होतं." मी मान हलवली. इतकी वर्षं हलवत आलो तशीच. ते गेल्यावर कोरा कागद समोर ठेवला. मी तुला वाचवलं नव्हतं, हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. त्या दिवशी ते एकालाच माहीत होतं.

तू कोण होतास ते वाचणाऱ्यांना सांगायला हवं, कारण सायकल मंडळीतली निम्मी मंडळी तुला फक्त घाटाखालच्या पाटीवरून ओळखतात. कुरखेड्याहून कोरचीकडे जाताना घाट लागतो, त्या घाटाच्या पायथ्याशी तुझं गाव. मी तिथे शाळामास्तर होतो. रोज कुरखेड्याहून सायकलने यायचो. तू वनखात्याच्या कामावर मजूर होतास. हंगामात गावातल्या बाया मोह वेचायला, चारोळीची चार फळं तोडायला, तेंदूपत्त्याला रानात निघाल्या की त्यांच्या पुढे तू असायचास. ते काही कुठल्या पगाराचं काम नव्हतं. गावाने दिलेला मान होता. तू पुढे चालायचास, वाट फुटली की हिरवी डहाळी मोडून ठेवायचास, आणि मागून येणाऱ्या वीस-पंचवीस बाया त्या डहाळ्या बघत निर्धास्त यायच्या. पाला ज्या दिशेला, तू त्या दिशेला. वाट मोकळी आहे. दोन डहाळ्यांची फुली असली तर तिथेच थांबायचं, आवाज करायचा नाही, मागे फिरायचं. सुकमाबाई, तुझी बायको, त्या रांगेत नेहमी पहिली असायची. "माह्या नवऱ्याच्या मांगं चालाले मले डोळे नाई लागत," असं ती हसून म्हणायची. हे वाक्य वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. मी विसरू शकलेलो नाही.

रात्रीच्या प्रौढ वर्गात मी तुला अक्षरं शिकवली, आणि तू मला डहाळ्या. तू चांगला विद्यार्थी होतास. मी नव्हतो.

निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं. मी म्हटलं, चालण्यापेक्षा सायकल बरी, आणि सपाटीपेक्षा घाट बरा. तू पोट धरून हसलास. "लोक चढ आला का उतरून ढकलते. तू घरून चढ पाहाले येऊन राह्यला का, मास्तर? काम नाई राह्यलं काहीच?" पण पुढच्या रविवारी तुझी काळी, जड, बावीस इंची सायकल घेऊन तू पायथ्याशी हजर. कॅरिअरला कुऱ्हाड बांधलेली.

"जयभीम मास्तर."

"जय सेवा देवाजी."

असं म्हणून आपण पायडल मारायचो. तू रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी चढायचास. उभ्याने कधी चढला नाहीस. मी सरळ चढायचो आणि दुसऱ्या वळणावर उतरायचो. तिसऱ्या वळणापासून तू दिसायचा नाहीस, फक्त तुझ्या डहाळ्या दिसायच्या. प्रत्येक वळणाआधी एक, पाला वर. त्या बघितल्या की माझी छाती शांत व्हायची. कारण त्या घाटात मला भीती वाटायची, देवाजी, हे मी तुला कधी कबूल केलं नाही. दोन्ही अंगांनी बांबू, मध्येच काहीतरी खसफसतं, आणि चढावर आपला स्वतःचाच श्वास एवढा मोठा असतो की दुसरं कोण श्वास घेतंय ते कळत नाही. तुला मात्र कळलं होतं. एकदा घाटमाथ्यावर देवाच्या दगडांपाशी बसलो असताना तू म्हणालास, "भेवाले लाजू नोको. भेव सोबत असला का माणूस डोळे उघडे ठेवते. मी बी भेवानंच चढतो." मी म्हटलं, "मले काही भेव नाई." तू चिलमीची राख झटकलीस.

मग मुलाने मला गिअरची सायकल घेऊन दिली. तुझ्या-माझ्यातला तो वाद तुला आठवत असेल. तू म्हणायचास, "गेर म्हणजे चढाची लबाडी हाये. चढ तेवढाच राह्यते, तुले फक्त कमी वाटते." मी म्हणायचो, कमी वाटणं हेच तर सुख. तू म्हणायचास, जे कमी वाटते तिथीच माणूस पडते. हा वाद आपण संपवला नाही. तू जिंकला होतास, एवढं आता सांगून टाकतो.

तो रविवार फागुनातला होता. मोह पडायला लागला होता आणि आख्ख्या घाटाला त्याचा गोड, जड वास सुटला होता. मोहाच्या दिवसांत पहाटे घाटात जायचं नाही, हे तिथलं लेकरूही सांगेल. अस्वलं मोहाखाली असतात आणि खाण्यात गुंग असतात. तूही म्हणालास, "ऊन येऊ दे, मंग निघू." मीच घाई केली. ऊन चढलं की मला दम लागतो, म्हटलं. खरं कारण वेगळं होतं. नव्या सायकलवर मला त्या दिवशी तुझ्या पुढे जायचं होतं, आणि थंड हवेत ते जमेल असं वाटत होतं.

तू ऐकलंस. पण पायडलवर पाय ठेवायच्या आधी माझं हँडल धरलंस.

"आज तू समोर हायेस. पुढं जाणं म्हणजे नुसतं पुढं जाणं नाई, मास्तर. मांगच्याचे डोळे घेऊन जा लागते. मोरीच्या वरतं मोठा मोह हाये. तिथी खाली उतरजो, वळण चालत पाहून येजो, अन् मंगच डहाळी टाकजो. समजलं का?"

"समजलं गा. मी का लहान हाओ?"

"फुली टाकाची पाळी आली त दोन्ही डहाळ्या एकाच झाडाच्या टाकजो. दोन झाडांच्या वाऱ्यानंबी पडते. एका झाडाच्या दोन, म्हणजे माणसाचा हात."

हे तू मला शंभरदा सांगितलं होतं. मी निघालो.

पहिल्यांदाच तू माझ्या मागे होतास. मोरी, म्हणजे नाल्यावरचा तो लहान पूल, आली तेव्हा खालच्या वळणावर तुझ्या साखळीची करकर ऐकू येत होती. उतरलो असतो तर तू गाठलं असतंस. मी उतरलो नाही. एक पाय कठड्याला टेकवला, हाताशी आलेली तेंदूची डहाळी मोडली, पाला वर करून रस्त्यावर टाकली आणि निघालो. वळणापलीकडे काय आहे ते न बघता मी तुला लिहून दिलं की वाट मोकळी आहे.

वळण घेतलं आणि ती समोर होती.

डाव्या अंगाला मोहाचं झाड. त्याखाली ती खाली मान घालून मोह वेचत होती. दोन पिल्लं तिच्या पाठीमागे. आमच्यामध्ये रस्त्याची रुंदीसुद्धा नव्हती. तिचा श्वास लोहाराच्या भात्यासारखा येत होता, आणि आधी मला वाटलं की तो माझाच आहे. तिने मान वर केली. थोबाडाला मोहाची फुलं चिकटलेली होती. तिने माझ्याकडे बघितलं का, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. मी तिच्याकडे बघितलं नाही. मी चाकाकडे बघत पायडल मारत राहिलो.

गिअरच्या सायकलची एक खोड आहे. पायडल थांबवलं की मागच्या चाकातून टकटक आवाज सुरू होतो. तो आवाज होऊ नये म्हणून मी थांबलो नाही. आणि हँडलवर घंटी होती. ती खड्ड्यात आपोआप वाजायची. मी डाव्या हाताने ती घंटी मुठीत दाबून धरली, देवाजी. एकदा वाजवली असती तर तू खालीच थांबला असतास. ओरडलो असतो तर थांबला असतास. मी घंटी दाबून धरली आणि चढत राहिलो. त्या दिवशी मी घाट एका दमात चढलो. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं.

माथ्यावर देवाच्या दगडांपाशी उभा राहिलो. मनात म्हणत होतो, ती निघून जाईल. देवाजी शहाणा आहे, त्याला वास येईल. मग म्हटलं, माझी डहाळी आहे खाली. मोकळी वाट सांगणारी. मी खाली जायला सायकल वळवली. खरंच वळवली होती. पाय उचलला नाही.

मग तुझा आवाज आला.

त्यात शब्द नव्हते. आठ वर्षांत मी अनेक आवाज विसरलो, माझ्या आईचासुद्धा. तो नाही.

तरीही मी उतरलो नाही. कोरचीची पहिली बस आली तोवर मी तिथेच उभा होतो. रस्त्यात आडवा झालो, बस थांबवली. ड्रायव्हरने कर्कश हॉर्न वाजवत गाडी खाली घेतली, ती पिल्लांना घेऊन बांबूत शिरली, आणि तू रस्त्यावर बसलेला होतास. पडलेला नव्हतास, बसलेला. उजवा हात चेहऱ्यावर दाबून. बोटांमधून रक्त येत होतं. तुला उचलून सीटवर निजवलं. कंडक्टरने मला विचारलं, "मास्तर, तुमी समोर होते ना? मंग याले इशारा नाई देल्ला?"

तू शुद्धीवर आहेस की नाहीस, मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "देल्ला. फुली टाकली होती."

एवढंच. चार शब्द. पण तोंडातून निघाले आणि लगेच मला आठवलं की मोरीवर एकच डहाळी पडलेली आहे. तुझी सायकल उतारावरून मागे घसरत जाऊन मोरीच्या कठड्याला अडकली होती. "मी सायकल आणतो," म्हणून मी धावलो. त्या वेळी मात्र पाय चालले. जिथे जीव वाचवायचा होता तिथे न उचललेले पाय, खोटं वाचवायला धावले. मोरीशेजारी कुसुमाचं झाड होतं. त्याला नवा लालभडक पाला फुटलेला. मी एक डहाळी मोडली आणि तेंदूच्या डहाळीवर आडवी ठेवली.

कंडक्टर मागून आला. रस्त्याकडे बघून म्हणाला, "येवढी मोठी फुली, अन् दिसली नाई का बुढ्याले?"

त्या एका वाक्याने तुझं पुढचं आयुष्य ठरवलं. दवाखान्यात पोचेपर्यंत ते ड्रायव्हरचं झालं, संध्याकाळपर्यंत तुझ्या गावाचं.

तुझा उजवा डोळा गेला. तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात आलो. अर्ध्या चेहऱ्याला पट्टी. सुकमाबाई पाणी आणायला बाहेर गेली होती. तू छताकडे बघत होतास. मग विचारलंस, "मास्तर, मोरीवर तू का टाकलं होतं?"

दारातून पळून जावंसं वाटलं. मी म्हणालो, "फुली."

"दोन्ही एकाच झाडाच्या होत्या?"

"हो."

"कंडक्टर येऊन गेला काल. सांगत होता, एक लाल पाल्याची होती म्हणे."

मी तुझ्या चादरीची सुरकुती सरळ केली. "पहाट होती," मी म्हटलं. "त्याले का दिसलं असंल?"

तू तुझा उरलेला डोळा माझ्याकडे वळवलास. रागाने नाही. तेंदूची पानं मोजायच्या आधी तू त्यांच्याकडे बघायचास ना, किडकं कोणतं, चांगलं कोणतं, तसं. मग म्हणालास, "मंग माह्यीच नजर चुकली असंल." आणि भिंतीकडे तोंड केलंस.

त्या क्षणी मला कळलं की तुला माहीत आहे. आणि तुला कळलं की मला कळलं आहे. त्यानंतर आठ वर्षं आपण भेटत राहिलो.

सायकल मंडळींनी माझा सत्कार केला. शाल, नारळ. ती शाल मी पेटीत तळाशी ठेवली आहे, एकदाही अंगावर घेतली नाही. थंडीत पेटी उघडायलाही भ्यायचो. मग मंडळींनी घाटाखाली पाटी लावली, नव्या लोकांसाठी सूचना. शेवटची ओळ होती, "फुली दिसली की थांबा. देवाजीभाऊंची चूक करू नका." पाटी रंगवायच्या आधी मजकूर शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे आणला होता. मी एक दीर्घ वेलांटी ऱ्हस्व केली आणि कागद परत दिला.

ती पाटी लागली त्या आठवड्यात तू मला तिच्याखाली भेटलास. बाजाराला निघाला होतास. सायकल टेकवलीस आणि एका डोळ्याने, बोट हवेत फिरवत, मी शिकवलं होतं तसं अक्षर अक्षर लावत वाचलंस. "दे... वा... जी... भा... ऊं... ची..." मी शेजारी उभा होतो. जमीन फाटावी असं लोक म्हणतात. मला तर वाटलं, ती अस्वल पुन्हा यावी. वाचून झाल्यावर तू म्हणालास, "अक्षर सुंदर हाये." आणि निघून गेलास.

पाटीपेक्षा वाईट गोष्ट गावात घडली होती. पुढच्या मोहाला बाया तुझ्या मागे निघाल्या नाहीत. भांडण झालं नाही, कोणी काही बोललं नाही. त्या सकाळी फक्त त्या गावातल्या दुसऱ्या जाणत्याच्या, सोमाच्या, अंगणात जमल्या. ज्याला समोरची फुली दिसत नाही, त्याच्या मागे लेकुरवाळ्या बाया कशा जातील? बरोबरच होतं त्यांचं. तू म्हणे टोपली घेऊन दारात उभा होतास. आणि सुकमाबाई तुझ्या अंगावरून पुढे गेली, सोमाच्या मागे.

त्यानंतरही तू माझ्यासाठी चाराची फळं पळसाच्या पानाच्या पुडीत आणायचास. हे मला सगळ्यात जड गेलं. एकदा बाजारात पुडी हातात देताना तू थांबलास, माझ्या तोंडाकडे बघत राहिलास. मला वाटलं, आता. मी तोंड उघडलं. शब्द जिभेवर होते. मी म्हणालो, "देवाजी, तुही चेन ढिल्ली झाली हाये गा." तू खाली वाकलास, साखळी दाबून बघितलीस. ती घट्ट होती. सरळ होऊन पुडी माझ्या हातात ठेवलीस.

तू का बोलला नाहीस? मी हे फार वेळा स्वतःला विचारलं. तू खरं सांगितलं असतंस तर गावाने तुझं ऐकलं असतं. मला वाचवत होतास का? की मी स्वतः सांगेन म्हणून वाट बघत होतास, वळणावर थांबून मागच्याची वाट बघायचास तशी? मला उत्तर नको आहे. दोन्ही उत्तरांची मला सारखीच भीती वाटते.

दहाव्या दिवशी तुझं कार्य झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी तुझ्या अंगणात गेलो. सुकमाबाई मोहाच्या टोपल्या शेणाने सारवत होती.

"चहा मांडू का, मास्तर?"

"नाई बाई. एक गोठ सांगाची हाये."

मी सांगितलं. सगळं. मोरी, घंटी, कुसुमाची डहाळी. मध्येच थांबलो असतो तर पुन्हा सुरुवात झाली नसती, म्हणून न थांबता सांगितलं. ती सारवत राहिली. मी संपवलं तेव्हा तिचा हात टोपलीत तसाच राहिला होता.

मला वाटलं होतं ती शिव्या देईल. मी त्यासाठी तयार होतो. खरं तर मला त्याच हव्या होत्या.

ती हळू म्हणाली, "त त्याले दिसलं होतं."

"हो बाई. जे होतं ते त्याले बरोबर दिसलं होतं."

"अन् मी आठ साल दुसऱ्याच्या मांगं चालली." ती माझ्याशी बोलतच नव्हती. "बाया म्हणे, तुह्या नवऱ्याले आता सुचत नाई. मी बी म्हणे, हो, नाई सुचत. त्याच्या तोंडावर म्हणे. तो भाकर खात बसे." मग तिने माझ्याकडे बघितलं आणि आजवरचं 'तुमी' गळून पडलं. "एक डोळा अस्वलीनं नेला, मास्तर. दुसरा तू नेला. अन् तो बी माह्या हातानं नेला."

मी हात जोडले. ती म्हणाली, "मले नोको जोडू. मी कोणाले जोडू, ते सांग."

 ती उठली, हात धुतले. "परवा बाया मोहाले निघतीन. उजाडाच्या आंधी ये. त्यायच्या समोर सांग. ह्येच सांग, असंच. काही गाळू नोको." मी उठलो तेव्हा मागून म्हणाली, "अन् ते पाटी. ते बी तूच काढजो."

परवा मी गेलो. सोमाचं अंगण, पंचवीस-तीस बाया, डोक्यावर टोपल्या. वर्गात पन्नास पोरांपुढे सदतीस वर्षं बोललेला माणूस मी, अंगणाच्या कडेलाच थांबलो. अस्वलीसमोर लागली नव्हती एवढी भीती मला त्या बायांची वाटली. त्यातल्या कितीतरी माझ्याच विद्यार्थिनी. बोललो.  सोमाने हातातली काठी खाली ठेवली. मागून एक म्हातारी म्हणाली, "मास्तर, तू आमाले खरं बोला म्हणून छड्या मारे नं गा?" कोणी हसलं नाही.

मग सुकमाबाई रांगेच्या पुढे आली. तिने सोमाकडेही बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. गावाबाहेर पहिली वाट फुटते तिथे तिने तेंदूची डहाळी मोडली आणि पाला रानाकडे करून ठेवली. अगदी तुझ्यासारखी, देठ टाचेकडे. बाया तिच्या मागे गेल्या. मी तिथेच उभा राहिलो, त्या दिसेनाशा होईपर्यंत.

पाटी काल काढली. आधी मंडळींना सगळं सांगितलं. दोघांनी मान खाली घातली, एक जण उठून गेला. चढाई होईल की नाही, मला माहीत नाही. झाली तर ही दोन पानं वाटा, असं मी त्यांना सांगितलंय. नाही वाटली तरी मी लिहिलेली आहेत.

आज सकाळी ऊन आल्यावर मी घाटात गेलो, तुझ्या नियमाप्रमाणे. सायकल ढकलत. गिअर असूनही. मोरीपाशी थांबलो. मोहाचा वास तोच आहे. कुसुम पुन्हा लाल झाला आहे. वळण चालत जाऊन बघून आलो. कोणी नव्हतं. मग एक डहाळी मोडली, एकच, पाला वर करून ठेवली, आणि तिच्यापुढे उभा राहून मी आठ वर्षं पाठ केलेलं वाक्य मोठ्याने म्हणायचा प्रयत्न केला. बांबूत काहीतरी खसफसलं आणि मी गप्प झालो. घाबरून उतरून आलो. या वयातही.

म्हणून इथे लिहितो. दार बंद आहे, तू नाहीस, आणि तरीही माझा हात थांबतो आहे.

देवाजी, मोरीवर एकच डहाळी होती. मी न पाहता टाकली होती. दुसरी मी मागाहून ठेवली. तुह्यी नजर चुकली नाई, कधीच चुकली नाई. मी भेलो होतो. मले माफ कर गा.